चार पायांचा पोळपाट

वीज सकाळी सहालाच गेली होती. फरीदाबादला त्यात नवल काही नव्हतं. मोटार लावायच्या आधीच गेल्यामुळे वरच्या टाकीत पाणी चढलं नव्हतं, ह्यांची दाढी दोन तांब्यांत उरकली होती, आणि आमचा यशोधन बैठकीच्या खोलीत उघड्या सुटकेसपुढे फतकल मारून लोकरीचे मोजे आत घालत होता आणि पुन्हा बाहेर काढत होता. पुढच्या बुधवारी तो जर्मनीला निघायचा होता, तिथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत. मी कणीक तिंबून झाकून ठेवली होती. तवा अजून चढवायचा होता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. वीज नसली, बेल वाजत नसली, की लोक आमचं दार बडवतात. ही टकटक तशी नव्हती. बोटाच्या पेरानं, दोनदा, मध्ये जरा थांबून.

"अंबादासकाका," यशोधन न उठताच म्हणाला.

खालच्या मजल्यावरचे अंबादास पांचाळ दारात उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत घरातल्याच स्लिपर. हातात काहीतरी गोल, त्यांच्या बायकोच्या, इंदुमतीच्या, जुन्या निळ्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. काय ते विचारायला नको होतं. तो पोळपाट होता. कितीतरी वर्षं मी त्याच्याबद्दल ऐकत आले होते आणि आज पहिल्यांदा, कापडाआडून का होईना, बघत होते. ज्या माणसासाठी तो करायचा होता ते माणूस जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"या ना, बसा. चहा टाकते."

"चहा नको वहिनी. जरा काम होतं."

काम कोणतं ते मला ठाऊक आहे असं मी धरून चालले. आठवड्यापूर्वी मीच त्यांना जिन्यात गाठून म्हटलं होतं, यशोधन जर्मनीला चाललाय, तुमच्या लाकूड तासायच्या पटाश्यांची यादी करून द्या, मापं घालून, तिथल्या दुकानाचं नाव लिहून. तो घेऊन ठेवील, पहिल्या सुट्टीला येताना आणील. तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती. आता यादी घेऊन आले असतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर छातीवरचं थोडं ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

ती यादी मी का मागत होते हे कळायचं तर अंबादासराव आधी कळायला हवेत.

आम्ही फरीदाबादला आलो एक्क्याण्णव साली. त्याआधी दिल्लीला लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नऊ वर्षं काढली. तिथं चार दारं सोडली की कुणीतरी मराठी भेटायचं. हाउसिंग बोर्डाचा हा फ्लॅट मिळाला तेव्हा पुढे नुसतं मोकळं रान आणि त्यात सिमेंटचे खांब होते. इथं कोण आपलं भेटणार, या विचारानं मी सामान उतरवत होते, तर खालच्या व्हरांड्यातून आवाज आला, "अहो, त्यांच्या फ्रिजला हात लावा की जरा. बघत काय उभे राहिलात?" ती इंदुमती. आणि ज्यांना ती म्हणत होती ते अंबादासराव. त्यांनी येऊन फ्रिजला हात लावला, पण आधी दाराची रुंदी वितीनं मोजली आणि म्हणाले, "आडवा जाणार नाही. दार काढावं लागेल." दार काढलं, फ्रिज आत नेला, दार परत बसवलं. ते दार तेव्हापासून कुरकुरत नाही.

अंबादासराव मूळचे कराडचे. आयटीआय करून कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत लागले आणि तिथून अडुसष्ट साली फरीदाबादच्या पंपाच्या कारखान्यात आले. काम पॅटर्नमेकरचं. मला ते काय असतं हे ठाऊक नव्हतं. त्यांनी एकदा आमच्या डायनिंग टेबलावर लिंबाची फोड आणि ओल्या कणकेचा गोळा घेऊन समजावलं होतं. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तीच वस्तू लाकडाची करायची, अगदी हुबेहूब. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची, आणि जो पोकळ आकार राहतो त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. त्या लाकडी नमुन्याला पॅटर्न म्हणतात. लोखंड निवलं की आकसतं, म्हणून नमुना केसभर मोठा करायचा. "केसभर म्हणजे किती?" मी विचारलं. "ते हाताला कळतं," ते म्हणाले. मग जरा लाजून, "आणि त्यासाठी वेगळी फूटपट्टी असते."

असा हा माणूस. त्यानं केलेल्या नमुन्यांवरून ओतलेले पंप कुठकुठल्या देशांत पाणी उपसत होते. आणि त्याच्या घरातला पोळपाट डुगडुगत होता.

तो इंदुमतीनं सरोजिनी नगरच्या बाजारातून आणला होता, चार पायांचा. पोळी लाटायला बसली की तो खट्खट् वाजायचा आणि ती एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवायची. एकदा मी समोर असताना अंबादासरावांनी तो उचलून ओट्यावर ठेवला, वर तळवा टेकवला आणि म्हणाले, "कुठं डुगडुगतोय?"

"रिकामा कशाला डुगडुगेल?" इंदुमती म्हणाली. "लाटायला लागलं की डुगडुगतो. तुम्ही लाटून बघा, म्हणजे कळेल."

"मी करून देतो एक. शिसवीचा."

"तीन पायांचा नको हं. माझ्या माहेरी चार पायांचा होता."

"तीन पायांचा कोणीही करील," अंबादासराव म्हणाले. "तीन पाय कसेही केले तरी टेकतातच. चारांत कसब आहे."

हे त्र्याण्णव सालचं बोलणं. त्याच वर्षी कारखान्याचा एका जर्मन कंपनीशी करार झाला, आणि नव्या पंपाचं काम शिकायला सहा आठवडे दोन माणसं पाठवायची ठरली. एक इंजिनिअर साहेब आणि दुसरे अंबादास पांचाळ. आमच्या भागातल्या पाच-सहा मराठी घरांत ही बातमी अशी पसरली की जणू आमच्यापैकीच कुणीतरी चाललंय. तेव्हा बाजार नुकता उघडत होता, तरी परदेशची वस्तू म्हटलं की अजून डोळे मोठे व्हायचे. प्रत्येकानं काही ना काही सांगितलं. कुणाला कॅमेरा, कुणाला साबण, अलकनंदाकाकूंना सुईत आपोआप दोरा ओवणारं काहीतरी. इंदुमती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्ही धड परत या, तेवढं पुरे." मला मात्र गॅलरीत कपडे वाळत घालताना हळूच म्हणाली, "विनयाताई, मला छोटं घड्याळ आवडेल. बारीक पट्ट्याचं. पण मी तोंडानं मागणार नाही. बघू त्यांना सुचतं का."

त्यांना नाही सुचलं.

त्या गावात स्टेशनापाशी हत्यारांचं एक दुकान होतं. त्याच्याबद्दल अंबादासराव इतक्यांदा बोलले की ते मला आता माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. लाकडी पायऱ्या, तेलाचा वास, आणि काउंटरमागे एक म्हातारा दुकानदार, ज्याला इंग्रजी येत नव्हतं. अंबादासरावांना जर्मन येत नव्हतं, इंग्रजीही बेतानंच. ते रोज कामावरून येताना काचेतून बघत उभे राहायचे. पाचव्या दिवशी म्हाताऱ्यानं दार उघडून त्यांना आत बोलावलं. एक लाकडाचा तुकडा शिकंज्यात आवळला आणि हातात पटाशी दिली. अंबादासरावांनी तंतूंच्या आडवी एक कड तासली. ढलपी निघाली ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी. म्हाताऱ्यानं ती उचलून उजेडात धरली, मग अंबादासरावांचा हात हातात घेऊन तळव्यावरचे घट्टे बघितले. "आणि मग त्यानं समोरच्या कपाटातली पटाशी परत ठेवली," अंबादासराव सांगायचे, "आणि आतून दुसऱ्या आणल्या. समोरच्या सगळ्यांसाठी होत्या. आतल्या वेगळ्या."

रोजचा भत्ता वाचवून, पाव आणि उकडलेली अंडी खाऊन त्यांनी अकरा पटाश्या घेतल्या. तीन गोल पटाश्या, एक रंधा, एक पोलादी गुण्या आणि धारेचा दगड. विमानात वजन वाढलं तर दोन शर्ट आणि बूट तिथंच सोडले आणि स्लिपर घालून आले. पालमच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं बॅग उघडली, एकेक फडकं सोडवून बघितलं. म्हणाला, "चाचा, लोग टीवी लाते हैं, परफ्यूम लाते हैं. आप जर्मनी से लोहा लाए?" अंबादासरावांनी सांगितलं, "साहब, लोहा तो इधर भी है. ये धार है." त्यानं हसून खडूची खूण केली आणि सोडून दिलं.

इंदुमतीसाठी आणली होती त्याच दुकानातली एक सुरी. बोटाएवढं पातं, लाकडी मूठ. तिनं ती घेतली, उलटसुलट केली, "छान आहे," म्हणाली आणि आत गेली. मी तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याला टेकून हसत होती, आणि डोळ्यांत पाणी होतं. "घड्याळ नाही तर नाही," म्हणाली. "पण विनयाताई, सुरी? भाजीची?" मग तिनं त्या सुरीनं टोमॅटो चिरला. टोमॅटोला कळलंसुद्धा नाही. पुढं शेवटपर्यंत तिनं दुसऱ्या सुरीला हात लावला नाही, आणि ती सुरी कुणाला उसनीही दिली नाही. मला दिली नाही तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

पटाश्यांसाठी अंबादासरावांनी सागाची पेटी केली. प्रत्येक पटाशीला तिच्याच मापाची खाच, आणि वर तेलात भिजवलेलं फडकं. कारखान्यात त्या कधी नेल्या नाहीत. तिथं कुणीही उचलतो, कुणीही खिळा उपटायला वापरतो. रविवारी जेवण झालं की पेटी व्हरांड्यात यायची. धार बघायची, गरज नसली तरी दगडावर दोन हात मारायचे, तेल लावायचं, परत ठेवायच्या. "माझ्या केसांपेक्षा त्यांना जास्त तेल मिळतं," इंदुमती म्हणायची.

"पोळपाट कधी?" मी विचारायची.

"लाकूड मिळू दे मनासारखं."

मग लाकूड मिळालं. शहाण्णव साली शिसवीचा एक रुंद ठोकळा, मध्ये एकही गाठ नसलेला. तो पलंगाखाली गेला. "आता कर की," तर म्हणाले, "अजून ओलं आहे. ओल्या लाकडाचा केला तर सहा महिन्यांत वाकेल, आणि मग डुगडुगेल." इंदुमती मला म्हणाली, "बाजारातल्या पोळपाटाला एवढं शिकलेलं लाकूड नसतं, बिचारा म्हणूनच डुगडुगतो." आणि पायाखाली नवी घडी सरकवली.

सत्त्याण्णवला कारखान्यात नवं यंत्र आलं. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, यंत्र तो कापून देतं. पॅटर्न शॉप बंद झालं आणि अंबादासरावांनी व्हीआरएस घेतली. निरोपाला त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. इंदुमती म्हणाली, "बघा, शेवटी घड्याळ आलंच घरात." हसले दोघंही. पण त्यानंतर अंबादासराव सकाळी सातला आवरून व्हरांड्यात येऊन बसायचे, आणि कारखान्याची बस कोपऱ्यावरून जाईपर्यंत पेपर उघडायचे नाहीत.

पुढच्या वर्षी इंदुमतीचे पाय सुजायला लागले. आधी उन्हाळा म्हणून सोडलं, मग मूत्रपिंडं निकामी होतायत असं निघालं. इथल्या डॉक्टरांच्या चकरा झाल्या. तिचा भाऊ विश्वनाथ मिरजेला असतो, तिथं चांगली हॉस्पिटलं आहेत, म्हणून सप्टेंबरात दोघं तिकडं निघाली. निघायच्या आदल्या दिवशी अंबादासराव पेटी घेऊन वर आले.

"वहिनी, घर बंद राहणार. खाली भिंतींना सीलन धरते, ओल येते. ही तुमच्याकडे राहू द्या."

"ठेवा ना, त्यात काय."

"लाकूड आता तयार झालंय. परत आलो की पहिलं काम पोळपाटाचं. तिला तसं सांगितलंय मी." निघता निघता म्हणाले, "खंडेनवमीला पेटीवर दोन फुलं ठेवा. उघडायची जरूर नाही."

इंदुमतीनं रिक्षात बसल्यावर माझा हात धरला. "आल्यावर त्या पोळपाटावर पहिली पोळी तुम्हाला," म्हणाली. "गूळ-तूप घालून."

खंडेनवमीला आमच्याकडे ह्यांचं पेन, यशोधनचा कॉम्प्युटर, माझी शिलाई मशीन, सगळं पूजेला असतं. मी पेटी काढली आणि माझ्या मनात आलं, नुसत्या पेटीची कसली पूजा? पूजा हत्याराची. इंदुमती तिकडे हॉस्पिटलात झुंजतेय आणि आपण पेटीवर दोन फुलं टाकून मोकळं व्हायचं? मी पेटी उघडली. पटाश्या तेलानं चिकट झाल्या होत्या, बोटांना काळं लागत होतं. देवापुढं असं कसं ठेवायचं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घातला आणि एकेक पटाशी घासून घासून स्वच्छ केली. आरशासारख्या चमकायला लागल्या तेव्हा माझं मलाच कौतुक वाटलं. ती तेलकट फडकीही धुऊन टाकली. पाटावर लाल कापड घालून सगळ्या ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर हळद-कुंकवाची ओली बोटं ओढली, अक्षता टाकल्या, पाणी शिंपडलं, वर झेंडूची फुलं. इंदुमतीसाठी हात जोडले. खंडेनवमीला पूजेतलं हत्यार हलवत नाहीत, म्हणून दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत ती तशीच राहिली, फुलांखाली. मग कोरड्या फडक्यानं पुसल्यासारखं केलं, धुतलेल्या फडक्यांत गुंडाळून खाचांत ठेवलं आणि पेटी माळ्यावर चढवली. त्या वर्षी दसरा लवकर आला होता. हवेतली पावसाची ओल अजून गेली नव्हती.

डिसेंबरात दोघं परत आली. इंदुमती ओळखू येत नव्हती. मिरजेच्या डॉक्टरांना जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं होतं, आणि तिला आपल्या घरी राहायचं होतं. अंबादासराव संध्याकाळी पेटी न्यायला आले. मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, "दोन फुलंच नाही वाहिली हं. नीट पूजा केली. इंदुमतीसाठी." ते म्हणाले, "उपकार झाले," आणि पेटी खांद्यावर घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून खालून दगडाचा आवाज येऊ लागला. खर्र, खर्र. एका लयीत, तासन्‌तास. माझं स्वयंपाकघर त्यांच्या व्हरांड्याच्या बरोबर वर. मला बरं वाटलं. खाली गेले तर इंदुमती पलंगावर उशीला टेकून माझ्यासाठी सफरचंद चिरत होती, त्याच सुरीनं. व्हरांड्याचं दार लोटलेलं होतं.

"पोळपाटाला सुरुवात झाली म्हणायची," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "झाली."

"किती दिवस धार लावतायत पण?"

"तुम्हाला ठाऊक नाहीत का ते? त्यांच्या मनासारखी लागल्याशिवाय लाकडाला हात लावायचे नाहीत." मग आवाज चढवून दाराकडे, "अहो, नाहीच जमलं तर सरोजिनीतून आणा. वर्तमानपत्र आहे आपल्याकडे भरपूर."

दगडाचा आवाज थांबला. थोड्या वेळानं परत सुरू झाला.

तो आवाज पूर्ण जानेवारी चालला. मी वर पोळ्या लाटत असायची आणि खाली खर्र खर्र. मी मनात म्हणायची, चला, होतोय. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो बंद झाला, कारण इंदुमतीला हॉस्पिटलात नेलं. ती तिथून परत आली नाही.

तेराव्यानंतर त्यांची मुलगी क्षिप्रा घर आवरत होती. ती लग्नानंतर इंदूरला असते. मी मदतीला गेले. व्हरांड्यात पेटी उन्हात उघडी होती आणि पटाश्या सतरंजीवर मांडल्या होत्या. मी वाकून बघितलं. पात्यांच्या पाठीवर बारीक काळे खड्डे होते, देवीचे व्रण असतात तसे. कुठं कुठं अख्खं बोट उमटलेलं. माझ्याच बोटाचं माप. जिथं मी ओलं कुंकू ओढलं होतं, बरोबर तिथं. आणि झेंडूच्या फुलांचे गोल.

क्षिप्रानं माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्ही यांना पाण्यानं धुतलं होतं का?" तिनं अगदी साधं विचारलं. तिला ठाऊक नव्हतं.

मी आत अंबादासरावांकडे गेले. ते पलंगाच्या कडेला बसले होते, शिसवीचा ठोकळा पायांशी.

"मला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी ठोकळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ती सांगू नका म्हणाली. पेटी उघडली तेव्हा ती शेजारीच होती. म्हणाली, विनयाताईंनी माझ्यासाठी पूजा केलीय. त्यांना यातलं काही कळता कामा नये."

"म्हणजे ते दोन महिने तुम्ही..."

"गंज काढत होतो. पटाशीची पाठ सपाट लागते वहिनी. खड्डा धारेपर्यंत आला की तिथं धार तुटते, आणि लाकडावर रेघ उठते. सगळी पाठ घासून खड्ड्याच्या खाली न्यावी लागते. पोलाद चांगलं, म्हणून झिजतही नाही लवकर."

"बाजारात दुसऱ्या नव्हत्या का मिळत?" मी म्हटलं. "नेहरू ग्राउंडला मिळाल्या असत्या. दोन दिवसांत पोळपाट झाला असता."

"मिळाल्या असत्या," ते म्हणाले. "मी आणल्या नाहीत. तिच्या पोळपाटाला दुसरी पटाशी लावायची नाही असं माझ्या डोक्यात. आणि लाकूड ओलं आहे, ओलं आहे म्हणत दोन वर्षं मीच घालवली. गंज तुमचा अडीच महिन्यांचा. बाकीचा उशीर माझा आहे."

क्षिप्रा दारात उभी होती. तिनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मला नकोसा झाला.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. समोरच्या रानात दहा मजली इमारती उठल्या, कोपऱ्यावर काचेचं मोठं दुकान झालं. अंबादासराव खिचडीभात करून खातात, कधी मी डबा देते. पोळी ते स्वतः कधी लाटत नाहीत. क्षिप्रा इंदूरला चला म्हणून मागे लागली, ते गेले नाहीत. खालून मधूनमधून आवाज यायचा, कधी दगडाचा, कधी लाकूड तासल्याचा. मी त्याबद्दल विचारलं नाही. आणि मग यशोधनचं जर्मनीचं ठरलं, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला काहीतरी भरून देता येईल. म्हणून ती यादी.

तर असे ते त्या सकाळी माझ्यासमोर बसले होते, मांडीवर निळ्या साडीचं गाठोडं घेऊन.

"यादी आणलीत ना?" मी विचारलं. "यशोधन, वही दे रे काकांना. लिहून घे."

"यादी नको वहिनी," ते म्हणाले. "पोराला कशाला लोखंड वाहायला लावायचं. आहेत त्या मला पुरतात."

"मग काम कसलं म्हणालात?"

त्यांनी कापड सोडलं. शिसवीचा काळसर तांबूस पोळपाट, मध्यभागी तंतू पाण्याच्या लाटेसारखे गेलेले. कड इतकी गोल, इतकी गुळगुळीत, की डोळ्यांना कुठं थांबायला जागा नव्हती. यशोधन मोजे टाकून जवळ आला. "काका, हा चकला तुम्ही हातानं केलात? मशीनशिवाय?"

"पोळपाट," अंबादासराव म्हणाले.

मी तो उचलून उलटा केला. चार पाय, त्याच ठोकळ्यातून कोरलेले, वेगळे लावलेले नव्हेत. आणि दोन पायांच्या मध्ये, खालच्या अंगाला, एक केसासारखी बारीक उठलेली रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकी सगळं आरशासारखं असताना तेवढी एकच. मी तिच्यावरून अंगठा फिरवला. वर बघितलं तर अंबादासराव माझ्याकडेच बघत होते.

ह्यांनी चष्मा वर करून विचारलं, "अंबादासराव, चारही पाय टेकतात?"

"काचेवर ठेवून बघितलाय. टेकतात." ते हात चोळत होते. "पण काचेवर तो रिकामाच असतो."

ते उठले. पोळपाट माझ्या हातातून घेऊन स्वयंपाकघरात गेले, ओट्यावर मांडला आणि बाजूला उभे राहिले. इंदुमती माझ्याकडे चहाला आली की जिथं उभी राहायची, साधारण तिथंच. मी मागोमाग गेले. झाकलेल्या कणकेकडे त्यांचं लक्ष गेलं.

"वहिनी, यावर एक पोळी लाटता का?" ते म्हणाले. "डुगडुगतो का, एवढंच बघायचं आहे."